मोटर तिसऱ्या नंबरवर

मला एका जागी बसवत नाही, लहानपणापासूनच नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. खुर्चीत बसले की माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो आणि टेबलावरचा चहा थरथरतो. ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी तर तो पाय थांबलाच नाही. त्या वर्षी चाचांचा आवाज गेला, आणि त्या आवाजाच्या जागी काय ठेवायचं ते मी कॉम्प्युटरवर शोधत होते.

चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे भागीदार. विहिरीतल्या आणि बोअरमधल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचा आमचा धंदा. अमरावतीचं दुकान वडिलांचं, अकोल्याचं चाचांचं, नाव दोन्हीकडे एकच. वडील गेले तेव्हा मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. ते सोडून दुकानात बसले. बाईनं मोटरींच्या दुकानात बसायचं म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. चाचांनी अकोल्याहून फोन केला आणि म्हणाले, "बस तू बिनधास्त. मोटर काई बाई-मानूस पाहून जळत नाई."

ती वर्षं शेतीला वाईट होती. पाऊस दगा द्यायचा, विहिरी आटायच्या, बोअर आणखी खोल जायचे. लाइट यायची ती कमी दाबाची. कोरड्या बोअरमध्ये चालू राहिली की मोटर जळते, कमी दाबावर चालली तरी जळते. म्हणजे वर्ष जितकं वाईट तितका आमचा धंदा बरा. हे मी कधी कुणापुढे बोलले नाही, पण मनातून जात नसे. त्याची लाज वाटायची, रागही यायचा, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

दोन्ही जिल्ह्यांच्या तक्रारी चाचाच घेत. अकोल्याच्या दुकानात दाराशी एक बाज होती, तिच्यावर ते मांडी घालून बसत आणि फोन कानाला. तिकडून कुणी "रामराम चाचा" म्हणे, कुणी "सलाम चाचा". चाचांचा क्रम ठरलेला होता. आधी "घरी सारे बरे?" मग "पानी किती हाय?" आणि मग मोटर. वडील त्यांना चिडवत, आपल्या दुकानात मोटर तिसऱ्या नंबरवर असते. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. इकडे मिस्त्री मोटरसायकलला किक मारून तयार, आणि तिकडे चाचा कुणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणात अडकलेले. एकदा न राहवून मी म्हणाले, "चाचा, ज्याची मोटर जळली त्याला घाई असते हो."

"घाई तुले हाय, बेटा," ते म्हणाले. "तो तं फोन लावून मोकळा झाला."

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. मी भेटायला गेले तेव्हा बाजेवर त्यांच्या मांडीवर लहान पोरांची असते तशी दगडी पाटी होती. चाची चहा देता देता मला सांगत होत्या की आता यांनी घरी बसावं, नातवंडं खेळवावीत, फोनचा धंदा बिनआवाजाच्या माणसानं कसा करायचा. चाचा ऐकत होते. चाची आत गेल्यावर त्यांनी पाटीवर लिहून ती माझ्याकडे फिरवली. लिहिलं होतं, "मले घरी बसवू नको."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मागितलं. मी तिथंच म्हणून बसले, "चाचा, तक्रारी बोलून नाही, लिहून घेऊ. तुम्ही वाचा आणि मिस्त्रींना पाठवा. तुमच्याशिवाय काही हलणार नाही." म्हणायला काय जातं! अमरावतीच्या बसमध्ये बसले आणि पाय जो हलायला लागला तो मूर्तिजापूर गेलं तरी हलतच होता. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "काहून वो बाई, थंडी वाजून राहिली काय?"

आधी मोबाइलवरचे साधे मेसेज करून पाहिले. चाचांच्या नंबरवर सकाळी शुभ प्रभात, फुलं, देवांचे फोटो, कुणाच्या म्हशीचा फोटो, आणि त्या ढिगात कुठंतरी 'मोटर बंद' एवढंच. कुणाची, कुठल्या गावची, कधीपासून, काही नाही. चाचांनी पाटीवर लिहिलं, "ह्यात तं मी बुडून मरन." मग मी फॉर्म बनवायच्या सॉफ्टवेअरच्या मागे लागले. नाव, गाव, मोटर विहिरीतली की बोअरमधली, काय झालं, असे प्रश्न मांडायचे, त्याची लिंक सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायची, त्यांनी मोबाइलवर बोटानं भरायचं. क्लासमध्ये मी पोरांना हेच शिकवत होते. मला वाटलं, आठवड्याभरात होईल.

पहिलं घेतलं ते फुकटचं, अगदी साधं. उत्तरं एका लांबलचक तक्त्यात येऊन पडत. तो तक्ता चाचांनी वाचायचा आणि ज्या भागातलं काम असेल त्या मिस्त्रीला मोबाइलवर लिहून कळवायचं. प्रश्न मी मांडले आणि चाचांना दाखवायला अकोल्याला नेले. त्यांनी वाचले, पाटी घेतली आणि लिहिलं, "पयला प्रश्न कुठी हाय?"

"कुठला पहिला?"

"घरी सारे बरे?"

मी हसले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी म्हणाले, अहो चाचा, हा मोटरचा फॉर्म आहे, त्यात असं विचारतात का, लोक हसतील. त्यांनी पाटी पुसली नाही. तीच माझ्यापुढे धरून ठेवली. शेवटी मी तो प्रश्न सगळ्यात वर घातला. नाकापेक्षा मोती जड, असं मनात म्हटलं.

फॉर्म चालला, पण चाचांच्या चालीनं. ते एकेक ओळ वाचत, वाचली की त्या माणसाला मेसेज करून पाणी किती आहे ते विचारत, त्याचं उत्तर येईपर्यंत वाट बघत, आणि मग मिस्त्रीला कळवत. सकाळची तक्रार दुपारी मिस्त्रीकडे जायची. मी अमरावतीत बसून तोच तक्ता माझ्या कॉम्प्युटरवर बघत असे. ओळ आली, अजून तशीच आहे, अजून तशीच आहे. उठावं, दारापर्यंत जावं, परत येऊन बघावं, तरी तशीच. एकदा परतवाड्याकडच्या गिऱ्हाइकानं सरळ माझ्या दुकानात येऊन विचारलं, "चाचा झोपले काय जी?" मला ते झोंबलं. चाचांसाठी झोंबलं आणि माझ्या धंद्यासाठीही, कुठलं जास्त ते आता सांगता येणार नाही.

म्हणून मी आणखी चांगलं शोधायला लागले. एक सापडलं ते फार देखणं. पडद्यावर एका वेळी एकच प्रश्न येई आणि सरकत जाई. मी हुरळून गेले. पण खेड्यातल्या नेटवर्कवर ते उघडेच ना, नुसतं चाक फिरत राही. ज्यांच्याकडे उघडलं त्यांनी भराभर भरलं, आणि हरभऱ्याच्या पाण्याच्या ऐन दिवसांत फुकटातल्या उत्तरांची मर्यादा संपली. फॉर्म आपोआप बंद झाला आणि त्याच्या जागी इंग्रजीत एक ओळ दिसू लागली. लोकांना वाटलं दुकानच बंद पडलं. भातकुलीहून एक जण विचारपूस करायला आला, येताना केळी घेऊन आला. चाचा गेले असं त्यानं ऐकलं होतं.

तिसरं परदेशी होतं, फार शिस्तीचं. ई-मेल भरल्याशिवाय ते पुढे जाऊच देत नसे. आमच्या गिऱ्हाइकांचे ई-मेल कुठले? पण लोक हुशार. आमच्या कार्डावर दुकानाचा ई-मेल छापलेला होता, तोच सगळ्यांनी टाकला. तक्रार केल्याच्या पावत्या सगळ्या मलाच आल्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं चाललं होतं. चहा निवायचा, मी नवं काहीतरी उघडायचे, त्याची किंमत बघायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. मिस्त्री मला बघून हळू आवाजात बोलू लागले. आणि प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगत होते की हे सगळं चाचांसाठी चाललंय.

चौथं मिळालं आणि माझा जीव भांड्यात पडला. ते पैसे घेणारं होतं, पण आधी काही दिवस फुकट वापरून बघायची सोय होती. त्याला नियम घालून देता येत. गाव अमुक असेल तर तक्रार अमुक मिस्त्रीच्या मोबाइलवर. मोटर बंद असेल तर लगेच. तक्रार नसेल तर फॉर्म बंद करून धन्यवादाचा मेसेज. चाचांचा प्रश्न मी त्यातही ठेवला, पण या सॉफ्टवेअरला लांबड आवडत नाही म्हणून त्याला 'हो' आणि 'नाही' अशी दोनच उत्तरं दिली. लोक 'हो' दाबतील आणि पुढे जातील, असं माझं गणित.

आणि काय चाललं ते! माणूस वावरात उभा राहून बोट दाबतो आणि मिस्त्रीची गाडी निघते. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री खूश. पहिल्या दिवशी माझा पाय खरंच हलायचा थांबला. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी चाचांचा मेसेज आला, "आज काई आलं नाई." मी लिहिलं, येईल. पुन्हा एकदा तसाच आला. मी पुन्हा लिहिलं, येईल. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. तक्रारी येत होत्या, रोज येत होत्या, पण त्यांच्या वाटेनं येत नव्हत्या. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी ते पुढे ढकलत होते. अकोल्याच्या मिस्त्रीनं फोनवर सहज सांगितलं की चाचा आताशा बाजेवर बसून मोटर चालू-बंद करायची एकच स्टार्टरची पेटी पुसत असतात, दुपार झाली की घरी जातात. मी फोन ठेवला, आणि पाय पुन्हा सुरू झाला.

त्याच आठवड्यात मी बंद झालेल्या फॉर्मांची सफाई करायला बसले. त्यांत एक मूर्तिजापूरकडच्या गावचा होता. मोटर चालू आहे का, हो. तक्रार आहे का, नाही. आणि सगळ्यात वर, घरी सगळे बरे आहेत का, नाही. सॉफ्टवेअरनं नियमाप्रमाणे तो बंद केला होता आणि धन्यवाद दिले होते.

चुकून दाबलं असेल, असं म्हणून मी फोन लावला.

"तुमचा फॉर्म आला होता. मोटर चालू आहे ना?"

"हो, चालू हाय."

"मग फॉर्म कशाला भरला?"

"तुमीच इचारलं ना जी, घरी सारे बरे काय म्हनून. नाई बरे. तं नाई म्हटलं."

मी काय झालं, एवढं विचारलं. तो म्हणाला, "तुमी कोन?" मी सांगितलं, चाचांच्या दुकानातून, त्यांच्या भागीदाराची मुलगी. तेव्हा तो बोलला. त्याच्या वडिलांना काही आठवत नाही. बोअर आटून दोन उन्हाळे झाले, हे त्यांच्या ध्यानातच राहत नाही. रोज सकाळी वावरात जातात आणि मोटर चालू करतात. कोरडी चालून जळू नये म्हणून हा धावत बंद करायला गेला की त्याला ओळखत नाहीत, चोर समजून ओरडतात. काल त्यानं फ्यूज काढून आणले, तर म्हातारा स्टार्टरपाशी बसून रडत होता.

"मोटर चांगली हाय," तो म्हणाला. "मोटरचं काईच नाई. तुमचा मेसेज आला, धन्यवाद म्हनून. म्या म्हटलं, वा! इचारलं आन् वरून धन्यवाद. मंग काहून इचारता जी?"

मी फोन ठेवला. तोंडावर पाणी मारलं, दुकान मिस्त्रीवर सोपवलं आणि मिळेल त्या बसनं अकोल्याला गेले.

चाचा बाजेवर होते. मी लॅपटॉप उघडला, त्यांना तो फॉर्म दाखवायचा होता. पण पडद्यावर आधी भलताच मेसेज आला. फुकट वापरायची मुदत आज संपते, पुढे चालू ठेवायचं असेल तर पैसे भरा. इंग्रजीतच होता, पण चाचांनी चष्मा लावून सावकाश वाचला. मग पाटी घेतली.

"भर पैसे. मिस्त्री म्हनतात काम लवकर होते. माह्या हिश्श्यातून काप."

मला एकदम राग आला. त्यांचा, माझा, त्या देखण्या पडद्याचा. मी म्हणाले, "चाचा, हे घेतलं तर तुमच्याकडे काहीच येणार नाही. सगळं परस्पर जातं. इतके दिवस काही आलं नाही ते त्याच्यामुळेच."

त्यांनी पाटी फडक्यानं पुसली आणि दोनच शब्द लिहिले. "मालूम हाय."

मी रडले. दुकानात, मिस्त्रींच्या देखत. चाचांनी माझ्याकडे फडकं सरकवलं, तेच खडूचं, आणि माझं नाक पांढरं झालं. ते हसले. आवाज न येता हसणं मी पहिल्यांदा बघितलं. मग मी त्यांना तो फॉर्म दाखवला आणि फोनवर झालेलं सगळं सांगितलं, तो शेवटचा प्रश्नसुद्धा. गावाचं नाव ऐकताच त्यांनी मान वर केली. म्हाताऱ्याचं नाव मी सांगायच्या आत त्यांनीच पाटीवर लिहिलं. पंचवीस-तीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं. वडील आणि चाचा दोघांनी मिळून त्याची पहिली मोटर विहिरीत सोडली होती.

चाचा उठले. पाटी पिशवीत टाकली, खडू खिशात टाकला, चपला घातल्या.

"आता? तिथं जाऊन तुम्ही बोलणार कसं?" मी विचारलं.

त्यांनी पाटी पुन्हा काढली. उभ्या उभ्याच लिहिलं. "तो बोलन. मले बसाचं हाय."

आम्ही मूर्तिजापूरला उतरून जीपनं गेलो. म्हातारा वावरातच होता, स्टार्टरच्या पेटीपाशी, निंबाच्या सावलीत. मुलगा आमच्या सोबत चालत आला, तर म्हाताऱ्यानं त्याच्याकडे परक्यासारखं बघितलं. चाचा जवळ गेले आणि त्याच्या शेजारी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसले. पाटी बाहेर काढली नाही. म्हातारा त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मी जरा लांब उभी होते. मला वाटत होतं, काहीतरी करावं, काहीतरी विचारावं, निदान पाणी तरी आणावं. चाचांनी हातानंच खूण केली, बस. मी बसले.

मग म्हाताऱ्यानं चाचांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "घरी सारे बरे?"

चाचांनी मान हलवली. हो.

"पानी किती हाय?"

चाचांनी दोन्ही हात पसरून दाखवलं, भरपूर आहे. म्हाताऱ्याला बरं वाटलं. मोटरचं त्यानं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिलंच, साधं, फुकटचं सॉफ्टवेअर परत लावलं. त्यात कुणीतरी बसून वाचल्याशिवाय काही पुढे जात नाही.